ग्राइंडिंगच्या गाळातून भट्टीचा माल

बेअरिंगची कडी, क्रँकशाफ्टचा जर्नल, गिअरचा दात, पिस्टनची पिन यांचे शेवटचे काम ग्राइंडिंग मशीनवर होते. लेथवर किंवा मिलिंगवर भाग जवळजवळ मापात येतो. त्यानंतर उरलेला मिलिमीटरचा काही दशांश थर घासून काढायचे काम व्हीलचे. सेकंदाला तीस-पस्तीस मीटर वेगाने फिरणाऱ्या या व्हीलवर ॲल्युमिना किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कठीण कण चिकटवलेले असतात. प्रत्येक कण लोखंडाचा केसापेक्षा बारीक कीस ओरबाडतो आणि स्वतःही झिजतो. वरून कूलंटची धार चालू असते. मशीनच्या तळाशी, टाकीत आणि फिल्टरच्या कागदावर जे काळेकरडे, तेलकट, चिखलासारखे साचते, तो ग्राइंडिंगचा गाळ. त्यातले पाणी आणि तेल काढून टाकले, तर उरलेल्या वजनात बहुतांश लोखंड असते. तरीही भंगाराच्या बाजारात हा माल सगळ्यांत शेवटी विचारला जातो, आणि अनेक ठिकाणी तो द्यायला उलट पैसे मोजावे लागतात.

या गाळाचा पुण्याच्या वायव्येला मोठाच पसारा आहे. देहूरोड रेल्वे स्थानकाच्या आग्नेयेला निगडी, आकुर्डी, चिंचवड आणि पिंपरी, ईशान्येला तळवडे, चिखली आणि चाकण, वायव्येला तळेगाव. खुद्द देहूरोड ही लष्करी छावणी, तिथे दारूगोळ्याचे भांडार आणि आयुध निर्माणी आहे. पण तिच्या चहूबाजूंनी वाहनउद्योग उभा राहिला. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि साठच्या दशकातच दुचाकी, मालमोटारी आणि बेअरिंग बनवणारे मोठे कारखाने या माळरानावर आले. पुढे चाकण आणि तळेगाव वाढले. मोठ्या कारखान्याच्या मागे सुटे भाग बनवणारी शेकडो छोटी वर्कशॉप असतात. बेअरिंग, इंजिन आणि गिअर या तिन्ही गोष्टींना ग्राइंडिंगवाचून गत्यंतर नाही. त्यामुळे देहूरोडभोवतीच्या या पट्ट्यात गाळ रोज तयार होतो, आणि तो शेकडो ठिकाणी थोडाथोडा साठतो.

लेथवरून निघणारी टर्निंगची गुंडाळी किंवा बिडाचे बोरिंग यांना भंगारवाला लगेच भाव देतो. गाळाची गोष्ट वेगळी आहे आणि तिची कारणे त्याच्या घडणीतच आहेत. लेथची चिप म्हणजे धातू आणि त्यावर थोडे तेल. गाळात मात्र धातूचा कीस, व्हीलचे झिजलेले कण, ते कण बांधून ठेवणारा काचेसारखा किंवा राळेचा बंध, कूलंट, गंज, आणि कधीकधी फिल्टरसाठी वापरलेली माती इतके सगळे एकत्र कालवलेले असते. बेअरिंगच्या पोलादाचा कीस तर सरळ भुकटीच्या रूपात नसतोच. तो कापसाच्या बोळ्यासारखा एकमेकांत गुंतलेला असतो, आणि त्या गुंत्यात कूलंट इतके धरून राहते की नुसते पिळून ते निघत नाही.

त्याहून मोठी अडचण बारीकपणाची. एक किलो लोखंडाचा सलग ठोकळा पाच सेंटीमीटर बाजूचा होतो आणि त्याचे सगळे पृष्ठफळ दीडशे चौरस सेंटीमीटर भरते. तेच एक किलो लोखंड दहा मायक्रॉन बाजूच्या कणांत फोडले, तर पृष्ठफळ ७६ चौरस मीटर होते, म्हणजे दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या सबंध फरशीइतके. एवढ्या पृष्ठभागावर हवा आणि पाणी एकाच वेळी काम करू लागतात. लोखंड गंजताना उष्णता बाहेर पडते; सलग तुकड्यात ती जाणवतही नाही, पण ओल्या, बारीक ढिगाच्या पोटात ती साचत जाते. ढीग आतून तापतो, वाफाळतो आणि तेल असेल तर धुमसूही लागतो. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत आपोआप तापू शकणाऱ्या लोखंडी किसाला स्वतंत्र क्रमांक आहे: २७९३. जहाजावर असा माल चढवताना त्याचे तापमान तपासावे लागते.

मावळच्या बाजूला ही अडचण पावसाळ्यात दुप्पट होते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. देहूरोडपर्यंत येताना तो बराच कमी होतो, पण जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवलेल्या पिंपात पाणी भरायला तेवढा पुरेसा आहे. पावसाचे पाणी गाळावर पडले की दोन नुकसाने होतात. आतले लोखंड झपाट्याने गंजून मातीमोल होते, आणि तेलकट पाणी वाहून नाल्यात जाते. या भागाच्या एका अंगाला इंद्रायणी आणि दुसऱ्या अंगाला पवना आहे. दोन्ही नद्यांची आजची अवस्था पाहता त्यांत आणखी तेल जाऊ देणे हा अपराधच आहे.

कायद्यानेही त्याला तसेच मानले आहे. घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांच्या पहिल्या अनुसूचीत तेलयुक्त कचरा व अवशेष ५.२ या क्रमांकाखाली येतात, आणि कूलंट-तेलाने भिजलेला ग्राइंडिंगचा गाळ बहुधा याच सदरात पडतो. असा माल कारखान्यात ९० दिवसांहून अधिक साठवता येत नाही. तो बाहेर पाठवताना सोबत वाहतुकीचा ठरावीक कागद, म्हणजे मॅनिफेस्ट, लागतो. घेणाऱ्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी हवी. पुणे जिल्ह्यातला असा कचरा पुरण्याची आणि जाळण्याची सामाईक सोय रांजणगावला आहे. पण याच नियमावलीत नववा नियम आहे आणि तो महत्त्वाचा आहे: एखादा घातक कचरा दुसऱ्या कारखान्याचा कच्चा माल होऊ शकत असेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरवलेल्या कार्यपद्धतीनुसार त्याचा तसा वापर करायला राज्य मंडळ परवानगी देऊ शकते. गाळापासून फौंड्रीचा माल करण्याचा रस्ता या दारातून जातो. परवानगी नसलेल्या टेम्पोवाल्याला तो ‘माती’ म्हणून देऊन टाकणे ही सुटका नव्हे. पुढे तो कुठे सापडला तर जबाबदारी मूळ कारखान्यावर येते.

फौंड्रीला लोखंड हवे असते, आणि ते सतत हवे असते. भारतात वर्षाला एक कोटी टनांहून अधिक ओतीव माल तयार होतो. चीनच्या खालोखाल जगात भारताचाच क्रमांक लागतो. महाराष्ट्रात या धंद्याचे मोठे ठाणे कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथे मिळून सुमारे तीनशे फौंड्र्या आहेत. पुणे, सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतही ओतकाम चालते. बीड ओतणारी भट्टी पिग आयर्न, पोलादाचे भंगार, बोरिंग आणि फौंड्रीतलेच रनर-रायझर असा मिश्र चार्ज घेते. पिग महाग असते. भंगाराचा भाव आठवड्यागणिक हलतो. म्हणून चार्जमध्ये स्वस्त आणि भरवशाचे लोखंड थोडे जरी बसवता आले, तरी फौंड्रीवाल्याच्या हिशेबात ते लगेच उमटते.

टाकलेल्या लोखंडातून नवे ओतण्याची इथली परंपरा जुनीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे लोखंड आटले आणि नांगराचा कारखाना अडचणीत आला, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा त्यांना वितळवायला दिल्या. त्या तोफांच्या लोखंडातून नांगराचे फाळ झाले. मात्र तोफ भट्टीत टाकणे सोपे असते. ती जड, सलग आणि कोरडी असते. गाळ नेमका याच्या उलट.

सुटा गाळ भट्टीत का चालत नाही, हे भट्टीप्रमाणे बदलते. क्युपोलात खालून हवेचा जोराचा झोत येतो. बारीक कीस त्या झोताबरोबर धुराड्यातून उडून जातो किंवा वितळण्याआधी जळून ऑक्साइड होतो. इंडक्शन भट्टीत हवेचा झोत नसतो, पण हलका कीस वितळलेल्या धातूवर तरंगत राहतो, त्याचा कडक थर बनतो आणि खालची उष्णता वर येईनाशी होते. तेलाचा धूर शेडभर पसरतो. सगळ्यांत भयंकर धोका पाण्याचा. पाण्याची वाफ होताना ते सुमारे सतराशे पट फुगते. ओला माल १४०० अंशांच्या धातूखाली गेला की त्या वाफेला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि धातू फवाऱ्यासारखा उसळतो. फौंड्रीतले अनेक भाजण्याचे अपघात याच कारणाने होतात. तेव्हा गाळ भट्टीजवळ नेण्याआधी तो कोरडा, जड आणि घट्ट व्हायला हवा, आणि त्यातले दगडाचे कण शक्य तेवढे कमी व्हायला हवेत. सारी प्रक्रिया या एका वाक्यात सामावते, पण तिची प्रत्येक पायरी खर्चाची आहे.

पहिली पायरी मशीनपाशीच आहे, आणि गाळाचे पुढे काय होणार हे बहुतेक तिथेच ठरते. एकाच शेडमध्ये एका मशीनवर बेअरिंगचे क्रोमयुक्त पोलाद, दुसऱ्यावर साधे कार्बन पोलाद, तिसऱ्यावर बीड आणि कोपऱ्यात ॲल्युमिनियमचा भाग घासला जात असतो. चारही मशीनचा गाळ एका पिंपात गेला की त्याचा ठावठिकाणा हरवतो. मग कितीही चांगला प्रकल्प त्यातून भरवशाचा माल काढू शकत नाही. ॲल्युमिनियमचा कीस तर धोकादायकच, कारण तो पाण्याशी, विशेषतः क्षारयुक्त कूलंटशी, प्रक्रिया करून हायड्रोजन सोडतो. बंद पिंपात हा वायू साठला तर ठिणगी पुरते. प्रत्येक धातूला वेगळे पिंप, पिंपावर ठळक अक्षरांत धातूचे आणि कूलंटचे नाव, आणि वर झाकण. या गोष्टीला खर्च नगण्य आहे, पण शिस्त लागते. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते.

दुसरी पायरी तेल-पाण्याची. ग्राइंडिंगला बहुधा पाण्यात तीन ते पाच टक्के तेल मिसळलेले कूलंट चालते. सुपरफिनिशिंग आणि होनिंगला मात्र निव्वळ तेल वापरतात. पाण्याच्या कूलंटचा गाळ वाळवणे तुलनेने सोपे. निव्वळ तेलाचा गाळ त्रासदायक, पण त्यातून परत मिळणाऱ्या तेलालाही किंमत असते. टर्निंगच्या जाड चिपांना सेंट्रिफ्यूज उत्तम. ते गरगर फिरवून तेल बाहेर फेकते. ग्राइंडिंगच्या बारीक कणांमधल्या सांदीत मात्र द्रव घट्ट धरून बसतो आणि तिथे फिल्टर प्रेस किंवा दाबून पिळणारे यंत्र जास्त कामाचे ठरते. काही ठिकाणी गरम क्षारयुक्त पाण्याने धुऊन तेल काढतात. मग त्या धुवणाच्या पाण्याचा प्रश्न उभा राहतो. बाहेरून तापवलेल्या फिरत्या ड्रममध्ये गाळ भाजून तेल उडवून लावण्याचीही पद्धत आहे. तिथे निघणारी वाफ थेट धुराड्यात सोडता येत नाही, ती पुन्हा जाळावी लागते. जुन्या प्रकारच्या कूलंटमध्ये क्लोरिन असते. असे तेल अर्धवट जळाले तर डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होतात. एखादा प्रकल्प गाळ उघड्यावर पेटवून ‘कोरडा’ करत असेल, तर तो पुनर्वापर नसून प्रदूषणाची जागा बदलणे आहे.

कोरडा झालेला गाळ चाळून चुंबकी ड्रमवरून सोडतात. लोखंड चिकटून राहते, सुटे ॲल्युमिना आणि सिलिकॉन कार्बाइडचे कण खाली पडतात. सगळेच पडत नाहीत. लोखंडाच्या गुंत्यात अडकलेला दगडाचा कण लोखंडाबरोबरच पुढे जातो. म्हणून आधी गुंता मोडण्यासाठी माल थोडा दळून घ्यावा लागतो. किती दळायचे याला मर्यादा आहे: जास्त बारीक केले की नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि गंज वाढतो.

यानंतर विटा. हायड्रॉलिक प्रेसच्या साच्यात चौरस सेंटीमीटरला काही हजार किलोच्या दाबाखाली माल दाबला जातो आणि दंडगोल ब्रिकेट बाहेर पडते. बिडाच्या बोरिंगची ब्रिकेट नुसत्या दाबाने चांगली बांधली जाते. तिची घनता घनसेंटीमीटरला पाच ग्रॅमच्या आसपास जाते, तर सलग बिडाची सात ग्रॅमच्या थोडी वर असते. ग्राइंडिंगच्या मालाची ब्रिकेट याहून हलकी आणि ठिसूळ होते, कारण मध्ये आलेले दगडाचे कण लोखंडाला लोखंडाशी भिडू देत नाहीत. त्यासाठी बांधणी लागते. सोडियम सिलिकेट, चुना, सिमेंट किंवा बेंटोनाइट हे नेहमीचे पर्याय. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांची मळी हाताशी आहे आणि चुन्याबरोबर ती चांगली बांधणी करते. सिमेंट आणि बेंटोनाइट मात्र भट्टीत स्लॅग वाढवतात, म्हणून फौंड्री ते नाखुशीने स्वीकारते. जपानमधल्या कोयो सेइको या बेअरिंग कंपनीने, जी आता जेटेक्टचा भाग आहे, ग्राइंडिंगचा कीस हलका दाबून त्यात सिलिकेटचे द्रावण मुरवून वाळवलेल्या विटांची पद्धत विकसित केली. कापसासारखा गुंता ही अडचण मानण्याऐवजी विटेचा सांगाडा म्हणून वापरायची, ही त्यामागची युक्ती. मशीनशेजारीच छोटा प्रेस बसवून पिळून निघालेले कूलंट पुन्हा टाकीत सोडण्याची सोयही आता मिळते. ज्या कारखान्यात गाळ एकाच धातूचा आणि भरपूर निघतो, तिथे ही सोय सगळ्यांत चांगली.

ब्रिकेट हातात आली म्हणजे लोखंड हातात आले असे नव्हे. तिच्यात किती गंज आहे, हा फौंड्रीचा पहिला प्रश्न असतो, कारण गंज वितळलेल्या बिडातला कार्बन खातो. हिशेब साधा आहे. गंजाच्या १६० भागांतून लोखंड सोडवायला कार्बनचे ३६ भाग लागतात. समजा ५०० किलोच्या हीटमध्ये पाच टक्के, म्हणजे २५ किलो ब्रिकेट टाकली आणि तिच्यात दहा टक्के गंज आहे. तो अडीच किलो गंज अर्ध्या किलोहून थोडा अधिक कार्बन घेऊन जातो. सबंध हीटमधला कार्बन त्यामुळे सुमारे ०.११ टक्क्याने उतरतो. ज्या बिडात कार्बन ३.२ ते ३.६ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवायचा असतो, त्यात एवढी घसरण दुर्लक्षून चालत नाही. सीपीसी, म्हणजे भाजलेल्या पेट्रोलियम कोकची भुकटी, टाकून ती भरून काढावी लागते. काही गंज कार्बनऐवजी सिलिकॉन खातो, मग फेरोसिलिकॉनही वाढवावे लागते. आठवड्यापूर्वी निघालेला, छपराखाली ठेवलेला गाळ आणि दोन पावसाळे बाहेर पडलेला गाळ यांत फरक पडतो तो इथे.

दगडाच्या कणांचे दोन प्रकार दोन वेगळे परिणाम करतात. पोलाद घासायला बहुधा ॲल्युमिनाचे व्हील लागते. ॲल्युमिना बिडाच्या तापमानाला वितळत नाही, लोखंडात विरघळत नाही. ते स्लॅगमध्ये जाते आणि स्लॅगला घट्ट करते. घट्ट स्लॅग काढायला वेळ लागतो, वीज खर्च होते आणि भट्टीच्या अस्तरावर थर बसतो. बीड घासायला मात्र अनेकदा सिलिकॉन कार्बाइडचे व्हील वापरतात, आणि हा कण बिडाच्या भट्टीला चक्क उपकारक आहे. सिलिकॉन कार्बाइडमध्ये वजनाने सत्तर टक्के सिलिकॉन आणि तीस टक्के कार्बन असतो. तो वितळलेल्या बिडात हळूहळू विरघळतो आणि दोन्ही मूलद्रव्ये धातूला देतो. फौंड्र्या हाच पदार्थ मुद्दाम विकत घेऊन भट्टीत टाकतात. तेव्हा बिडाच्या ग्राइंडिंगचा, सिलिकॉन कार्बाइडच्या व्हीलवर निघालेला गाळ हा फौंड्रीसाठी सर्वांत उत्तम. त्यातल्या लोखंडाबरोबर त्यातली घाणही कामाला येते. हा फरक माहीत असलेली वर्कशॉप दोन्ही गाळ वेगळे ठेवते.

मिश्रधातूंचा प्रश्न याहून नाजूक. बेअरिंगच्या नेहमीच्या पोलादात एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते. ग्रे आयर्नमध्ये क्रोमियम थोडेसे वाढले की पातळ भागांत कठीण कार्बाइड तयार होते. कास्टिंग मशीनवर गेले की टूल तुटतात. एसजी आयर्न ओतणाऱ्याला क्रोमियमबरोबर गंधकाचीही भीती, कारण कूलंट-तेलातले गंधक धातूत उतरले की ग्रॅफाइटचे गोळे करणारे मॅग्नेशियम त्यात खर्ची पडते. म्हणून बेअरिंगचा गाळ ग्रे आयर्नच्या फौंड्रीने फार थोड्या प्रमाणात घ्यावा, आणि झीज सोसणारे क्रोमयुक्त कास्टिंग करणाऱ्याने मोकळ्या हाताने. त्याला ते क्रोमियम नाहीतर पैसे देऊन विकत घ्यावे लागते. जो माल एका फौंड्रीला नको, तोच दुसरीला हवा असतो. अट एवढीच की मालाचे कूळ माहीत हवे.

त्यामुळे फौंड्रीवाला ब्रिकेट घेताना काय पाहतो, हे विकणाऱ्याने आधीच समजून घ्यावे. ओलावा आणि उरलेले तेल किती, धातूरूप लोखंड किती आणि गंज किती, न विरघळणारा अंश किती, गंधक, क्रोमियम, मँगनीज आणि तांबे किती, आणि वीट छातीइतक्या उंचीवरून टाकली तर फुटून भुगा किती होतो. प्रत्येक लॉटबरोबर हा तपशील आला तर विश्वास बसतो. पहिली चाचणी छोट्या हीटमध्ये, एक-दोन टक्क्यांपासून सुरू करून स्पेक्ट्रोमीटरवर धातू तपासत पुढे जावे. ब्रिकेट तापवून कोरडी केल्याखेरीज द्रवात टाकू नये. रिकाम्या भट्टीच्या तळाशी, थंड चार्जमध्ये ती बसवणे अधिक सुरक्षित. आणि पिग पूर्ण बंद करून त्याजागी हा माल चालेल, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. ग्राइंडिंगची ब्रिकेट हा चार्जचा छोटा हिस्सा आहे आणि त्याच मर्यादेत ती फायद्याची आहे.

काही गाळ फौंड्रीला कधीच देऊ नये, कारण तो तिच्यासाठी फार मौल्यवान असतो. हायस्पीड स्टीलच्या टूलला धार लावताना निघणाऱ्या किसात टंगस्टन, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम असते. कार्बाइडच्या टूलच्या ग्राइंडिंगमध्ये तर टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट. कार्बाइडचा गाळ किलोच्या हिशेबाने चांगल्या भावात विकला जातो आणि रासायनिक प्रक्रियेने त्यातले टंगस्टन परत मिळवता येते. टूलरूममधला हा चमचाभर वाटणारा गाळ लोखंडाच्या पिंपात झाडून टाकणे म्हणजे निव्वळ नुकसान. उलट टोकाला, पुरता गंजून गेलेला गाळ फौंड्रीच्या कामाचा उरत नाही. पण सिमेंटच्या भट्टीला कच्च्या मालात थोडे लोह-ऑक्साइड लागतेच आणि तिथे गंज हीच पात्रता ठरते. तेलही त्याच भट्टीत जळून उष्णता देते.

हे काम करणाऱ्या माणसांकडे या व्यवहारात सगळ्यांत कमी लक्ष जाते. कोरड्या गाळाची धूळ फुफ्फुसांत खोल जाते. कार्बाइड ग्राइंडिंगमधल्या कोबाल्टने फुफ्फुसांचा गंभीर आजार होतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. शिळ्या कूलंटमध्ये जिवाणू वाढतात आणि हातांना खाज, पुरळ आणि चट्टे येतात. फडक्याने बांधलेले तोंड ही धूळ अडवू शकत नाही. धूळ ओढून घेणारी व्यवस्था, योग्य मास्क आणि रबरी हातमोजे लागतात. ब्रिकेटचा भाव ठरवताना हा खर्च धरलेला नसेल, तर तो कामगाराच्या शरीरातून वसूल होत असतो.

देहूरोडच्या परिसराला या धंद्यात एक नैसर्गिक सोय आहे. गाळ निर्माण होतो तो इथे, आणि तो पचवणाऱ्या फौंड्र्या बहुतांशी दक्षिणेला. कात्रज-देहूरोड बाह्यवळणामुळे पुणे शहरात न शिरता ट्रक थेट सातारा-कोल्हापूरच्या रस्त्याला लागतो. पण ओला गाळ कोल्हापूरला नेणे म्हणजे वजनाचा मोठा भाग पाणी म्हणून वाहून नेणे. तेव्हा वाळवणे आणि दाबणे इथेच, गाळाच्या उगमापाशी व्हायला हवे, आणि घट्ट ब्रिकेट तेवढी पुढे जावी. अडचण प्रमाणाची आहे. एका छोट्या वर्कशॉपमध्ये महिन्याला काही पिंपे भरतात. त्यासाठी कोणी प्रेस, ड्रायर आणि प्रयोगशाळा उभारू शकत नाही. आजवर हे गोळा करण्याचे काम भंगार व्यापाऱ्यांनी केले. त्यांचे मोठे केंद्र चिखलीजवळचे कुदळवाडी. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामे पाडली आणि त्यांत भंगाराची असंख्य गोदामे होती. ती वस्ती बेकायदा होती, तिथल्या आगी आणि प्रदूषण खरे होते. पण शहराचे भंगार गोळा करणारे जाळेही त्याबरोबर विस्कटले. त्याच्या जागी परवानाधारक, छपराखालची, तपासणीची सोय असलेली व्यवस्था आणणे हे आता शासनाचे आणि उद्योजकांचे काम आहे.

असे सामाईक काम महाराष्ट्रात अशक्य नाही. कोल्हापूरच्या फौंड्र्यांनी एकत्र येऊन वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा सामाईक प्रकल्प उभारला, कारण एकट्या फौंड्रीला तो परवडण्यासारखा नव्हता. तळवडे, चाकण किंवा तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंगच्या गाळासाठी याच धर्तीवर एक केंद्र उभे राहू शकते: मोठा कारखाना नियमित माल देईल, छोटी वर्कशॉप आपली पिंपे आणतील, केंद्र नमुना तपासून धातूनुसार ती वेगळी करील आणि फौंड्रीला हमी दिलेला लॉट पाठवील.

ते होईपर्यंत वर्कशॉपच्या मालकाने आणि सुपरवायझरने आपल्या हातातले काम थांबवू नये. उद्या सकाळी प्रत्येक ग्राइंडिंग मशीनशेजारी झाकणाचे वेगळे पिंप ठेवावे, त्यावर धातू, व्हील आणि कूलंट यांची नावे रंगाने लिहावीत, पिंपे छपराखाली न्यावीत आणि परवानाधारकाखेरीज कोणालाही गाळ देऊ नये.